विसर्जन झालं, सोनकी कुठं?

प्रश्न : २०२३ साली अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून दुसऱ्या दिवशी आम्ही साताऱ्याहून मेढामार्गे महाबळेश्वरला गेलो. केळघर घाट सोनकीच्या फुलांनी पिवळाधमक होता. २०२५ मध्ये मुद्दाम तोच मुहूर्त धरला, तर नुसतं गवत आणि मधूनमधून गुलाबी ठिपके. फुलं कमी झाली का? आणि तो गुलाबी तेरडा कुंडीत लावता येईल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : फुलं आहेत तिथंच आहेत, तुम्ही लवकर गेलात! २०२३ साली अधिक श्रावण आला होता, म्हणून अनंत चतुर्दशी २८ सप्टेंबरला पडली. २०२५ मध्ये ती ६ सप्टेंबरला होती. तुमचा 'तोच मुहूर्त' चांगला २२ दिवस अलीकडे सरकला. सोनकी पंचांग बघून फुलत नाही. पावसाचा जोर ओसरून उन्हं पडायला लागली की ती उतार पिवळे करते, साधारण सप्टेंबरच्या अखेरीस. पुढच्या वेळी तिथी सोडा, तारीख धरा.

तुम्हाला दिसला तो तेरडा मात्र वेळेवरच आला होता. मी मेढ्याला ३२ वर्षं विज्ञान शिकवलं. गौरी आल्या की मुली शाळेत येतानाच तेरड्याचे जुडगे मुळांसकट उपटून आणायच्या, कारण मुळं म्हणजे गौरीची पावलं. वर्गभर चिखल. रागवायचं तरी कुणाला? म्हण काहीही सांगो, खुडलेल्या तेरड्याचा रंग तीन दिवस; दरडीवरचा महिनाभर हटत नाही. रस्त्यासाठी डोंगर तासला की माती उघडी पडते, पाणी झिरपत राहतं, वर दाट सावलीही नसते. तेरड्याला नेमकं हेच हवं असतं. म्हणून तो गर्द रानात कमी आणि रस्त्याकडेला जास्त.

गाडी किती वेगानं नेलीत ते लिहिलं नाहीत, पण 'ठिपके' म्हणताय त्यावरून अंदाज आला. घाटातल्या वळणावर थांबू नका, धुक्यात मागच्याला दिसत नाही. सपाटीला गाडी बाजूला लावा आणि पायाखाली बघत चाला. पिवळ्या पाकळ्यांवर दोन लाल ठिपके असलेला कवला दिसेल, पोरं त्याला मिकी माऊस म्हणतात. बांधावर कुर्डूचे पांढरे-गुलाबी तुरे असतील. गवतात निळी-जांभळी आभाळी असेल, तिच्या केसाळ तंतूंकडे जरा वाकून बघा. कारवीचं मात्र विचारू नका, ती सात वर्षांनी एकदाच फुलते.

आता कुंडीचं. रोप उपटून नेलंत तर पुण्यापर्यंत मान टाकेल. सप्टेंबरच्या शेवटी फुगलेली, फिकट पडलेली बोंडं शोधा. एक हात खाली धरूनच बोट लावा, नाहीतर बोंड फटकन फुटून सगळं बी उडून जाईल. ते कागदात कोरडं ठेवा आणि जूनमध्ये पेरा. हे रस्त्याकडेच्या तेरड्यापुरतं. कासच्या पठारावरून काडीही उचलायची नाही.

आणि कुंडी भिंतीपासून लांब ठेवा. माझ्या ओसरीवरचा तेरडा आता शेजारच्या अंगणात नळाच्या कडेनं उगवतो. शेजारीण वर्षभर कुरकुरते, आणि गौरीच्या दिवशी सकाळी तिथंच वाकलेली असते.