पितळ उघडं पडेल म्हणून

नौपाडा, ठाणे

बाळा, अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "मावशी, मला बहुतेक चुकून घेतलंय. एचआरचा काहीतरी घोळ झाला असणार." मी हसले. तुला ते लागलं असेल, पण मला हसू आलं ते वाक्य ओळखीचं होतं म्हणून. १९७८ साली अमेरिकेत पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोघी मानसशास्त्रज्ञांनी दीडशेहून जास्त कर्तबगार बायकांबरोबरच्या कामावर एक शोधनिबंध लिहिला. त्यातल्या विद्यार्थिनींनाही वाटत होतं, की प्रवेश समितीकडून काहीतरी चूक झाली आणि आपण आत आलो. तुझा एचआर आणि त्यांची प्रवेश समिती, फरक एवढाच. आता याला सगळे 'इम्पोस्टर सिंड्रोम' म्हणतात, म्हणजे आपण नकली आहोत असं वाटत राहणं, जणू गोळ्या घेतल्या की जाईल. त्या दोघींनी 'फिनॉमिनन' म्हटलं होतं. म्हणजे, असं होतं माणसांना. आपल्याकडे तर वाक्प्रचार तयारच आहे: पितळ उघडं पडेल.

तुझ्या टीमचं वर्णन ऐकून मलाच धाप लागली. एक पवईच्या आयआयटीतला, एकीला विद्यापीठाचं सुवर्णपदक, एकजण जर्मनीत चार वर्षं काढून आलेला. आणि तू, मराठी शाळेतून डिप्लोमा, मग डिग्री. "ते सगळे खरे आहेत, मीच तेवढी नकली," म्हणालीस. यावर मी तुला 'तू खूप हुशार आहेस' वगैरे सांगणार नाही. तुझी आई ते रोज सांगते, उपयोग शून्य.

मला खटकलं ते दुसरंच वाक्य. जाता जाता बोललीस, तुझ्या लक्षातही नसेल: "मशीन आपोआप अडवणाऱ्या त्या इंटरलॉकला एवढा मोठा टायमर का लावलाय ते मला कळत नाहीये, पण असेल काहीतरी कारण."

हे 'असेल काहीतरी कारण' मी १९९१ साली म्हटलंय. तेव्हा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीत होते. तुमची ट्रान्स-हार्बर लोकल २००४ची. आम्ही कंपनीच्या बसने कळव्यावरून जायचो आणि रबाळे येईपर्यंत निम्मी बस झोपलेली असायची. इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये मी सगळ्यात ज्युनियर, मीटिंगमध्ये एकटी बाई. नव्या रिअ‍ॅक्टरचं ड्रॉइंग टेबलावर पसरलेलं, भोवती सात-आठ दिग्गज. रिअ‍ॅक्टरच्या जॅकेटला थंड पाणी देणाऱ्या व्हॉल्व्हपाशी दोन अक्षरं होती: एफसी, फेल क्लोज. म्हणजे हवेचा दाब गेला की व्हॉल्व्ह बंद होणार. तू याच धंद्यातली, तुला दचकायला झालं असेल. आत उष्णता तयार करणारी प्रक्रिया चालू आहे, हवेचा दाब देणारा कॉम्प्रेसर बंद पडला, तर पाण्याचा व्हॉल्व्ह स्प्रिंगने आपोआप सताड उघडला पाहिजे. तिथे एफओ, फेल ओपन हवं. मला ते दिसलं. अगदी स्वच्छ दिसलं. आणि मनात आलं, एवढी मोठी माणसं बसलीत, असेल काहीतरी कारण, विचारलं तर माझंच अज्ञान दिसेल. चहा आला, बिस्किटं आली, शीट उलटली.

दुसऱ्या की तिसऱ्या बॅचला कॉम्प्रेसर खरंच बंद पडला. व्हॉल्व्ह बंद. तापमानाचा काटा चढायला लागला. शिफ्टच्या ऑपरेटरने धावत जाऊन बायपासचं चाक हाताने फिरवलं म्हणून निभावलं. कोणाला इजा झाली नाही, बॅच तेवढी गेली. तो ऑपरेटर आठवी पास होता आणि त्या आवारात त्या दिवशी तोच एकटा इंजिनियर होता, असं माझं आजही मत आहे.

चौकशीत साहेबांनी विचारलं, "हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं?" सगळे गप्प. मीही.

संध्याकाळी गेटबाहेरच्या टपरीवर आमच्यातला सुवर्णपदकवाला माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. चहा निवून गेला तरी पीत नव्हता. म्हणाला, "मला ते एफसी दिसलं होतं. पण व्हॉल्व्ह हा तुमचा विषय. तुम्ही समोर बसून काही बोलला नाहीत, म्हणून मला वाटलं बरोबर असणार."

माझं गप्प बसणं त्याने ज्ञान म्हणून धरलं होतं, आणि मी त्याचं. तो म्हणे पहिलं वर्षभर पगाराच्या दिवशी घाबरायचा, आज कोणीतरी म्हणेल की झालं तुमचं, या आता. मी त्याला देव समजत होते!

म्हणून तुझ्या त्या भीतीची मला फारशी काळजी नाही. ती राहील, माझी बढतीनंतरही राहिली. तिच्यापायी तू प्रश्न गिळतेस, त्याची काळजी वाटते. 'मला काही येत नाही' असं म्हणतेस तेव्हा तुझ्या हाती काहीच लागत नाही. 'हा टायमर का, ते मला कळत नाही' असं म्हणालीस की निदान शोधायला एक जागा मिळते. कागदावर लिही: मला नेमकं काय येत नाही? माझ्या यादीत त्या वेळी अकरा गोष्टी निघाल्या. त्यातल्या सहा एका महिन्यात शिकले, दोन गोष्टी टीममध्ये कोणालाच येत नव्हत्या, आणि बाकीच्या निवृत्तीपर्यंत आल्या नाहीत. काही अडलं नाही.

क्लान्स-आइम्स यांच्या निबंधात एक गृहपाठ आहे, तो मला आवडतो. कोणी कामाबद्दल बरं बोललं की लिहून ठेवायचं, आणि शेजारी आपण ते कसं झटकून टाकलं तेही लिहायचं. दुसरा रकाना जास्त करमणुकीचा असतो. "सर म्हणाले लॉजिक नीटनेटकं आहे – मनात म्हटलं, त्यांनी नीट वाचलं नसणार." आठवडाभराचं एकदम वाचून बघ, स्वतःचंच हसू येईल.

रात्री उशिरापर्यंत थांबून प्रत्येक गोष्ट चारदा तपासणं मात्र बंद कर. त्यात एक फास आहे. काम चांगलं झालं की तू म्हणणार, हे माझ्या मरमरीमुळे झालं, अकलेमुळे नाही. मग पुढच्या वेळी पुन्हा तेवढंच मरायचं. दोनदा तपास आणि घरी जा.

आणि एक, जरा वेगळं. मीटिंगमध्ये तू बोलायला लागलीस की तो एकजण मध्येच तोडतो आणि तुझ्या उच्चारांवर हसतो, असं म्हणालीस. ते तुझ्या मनाचे खेळ नाहीत, तो त्याचा उद्धटपणा आहे. त्यावर वहीत रकाने आखत बसू नकोस. "माझं पूर्ण होऊ दे," एवढंच म्हण, मराठीत म्हणालीस तरी चालेल. तेवढ्याने थांबला नाही तर मॅनेजरकडे जा. तुझं इंग्रजी दोन वर्षांत सुधारेल. त्याचं मला सांगता येत नाही.

हो, त्या पितळावरून आठवलं. आमच्या प्लँटमध्ये हवेच्या तांब्याच्या नळ्यांना जोडण्या पितळेच्याच असत. रोज उघड्याच दिसायच्या, आणि वर्षानुवर्षं गळल्या नाहीत.

गुरुवारी तुमचा रिव्ह्यू आहे ना? तो टायमर विचार. "हा एवढा का ठेवलाय, मला समजावून सांगाल का?" इतकं साधं. आधी 'सॉरी, वेडा प्रश्न आहे' लावू नकोस.

रविवारी ये. ऐरोलीहून ठाण्याला उतरलीस की मामलेदारला मिसळ खाऊ, तुला तिखट झेपत असेल तर. नाहीतर तलावपाळीला नुसतं बसू. येताना टायमरचं उत्तर घेऊन ये. असा टायमर का लावला असेल, हे मलाही परवापासून सुचत नाहीये.

तुझी,
मावशी