अ‍ॅन्सिबलमध्ये बाहेरची व्हेरिएबल्स: व्हार्स प्लगइन का रखडतं आणि कुठे फसवतं

तुमची अडचण मला समजली ती अशी: तुम्ही अ‍ॅन्सिबल (अनेक सर्व्हर एकाच जागेवरून सेट करणारं साधन) वापरता. सव्वाशे सर्व्हरची सेटिंग्ज एका अंतर्गत सेवेत आहेत, ती एचटीटीपीवरून जेसनमध्ये मिळतात. प्रत्येक प्लेमध्ये (प्लेबुकच्या भागात) ‘इन्क्लूड_व्हार्स’ (फाइलमधून व्हेरिएबल्स आणणारी सूचना) लिहायला नको म्हणून तुम्ही स्वतःचं व्हार्स प्लगइन (व्हेरिएबल्स आपोआप पुरवणारा कोडचा तुकडा) लिहिलंत. आता प्लेबुक (सर्व्हरवर करायच्या टास्कची फाइल) रखडतं, आणि ग्रुप_व्हार्समधल्या (सर्व्हरच्या गटांची व्हेरिएबल्स ठेवायच्या फोल्डरमधल्या) फायली वाचल्याच जात नाहीत.

दुसरी गोष्ट सोपी आहे, ती आधी मिटवू. ग्रुप_व्हार्स आणि होस्ट_व्हार्स वाचण्याचं काम अ‍ॅन्सिबलमध्ये ‘होस्ट_ग्रुप_व्हार्स’ नावाचं व्हार्स प्लगइनच करतं. ‘व्हार्स_प्लगइन्स_एनेबल्ड’ या सेटिंगमधल्या यादीत मुळात तेवढं एकच नाव असतं. तुम्ही तिथे आपल्या प्लगइनचं नाव लिहिलंत, म्हणजे जुनी यादी पुसली गेली. दोन्ही नावं लिहा, फायली परत दिसू लागतील.

रखडण्याचं कारण कोडमध्येच आहे. ‘गेट_व्हार्स’ (प्लगइनमधलं व्हेरिएबल्स परत देणारं फंक्शन) रनमध्ये एकदाच चालतं असं गृहीत धरून तुम्ही एचटीटीपी कॉल थेट त्यात टाकला आहे. प्रत्यक्षात ते इन्व्हेंटरीच्या (सर्व्हरच्या यादीच्या) प्रत्येक सोर्ससाठी आणि प्लेबुकच्या फोल्डरसाठी, प्रत्येक होस्ट (सर्व्हर) आणि ग्रुपमागे बोलावलं जातं, शिवाय टास्क चालताना पुन्हा. सव्वाशे होस्ट आणि चाळीस टास्क धरले तरी कॉल हजारोंच्या घरात जातात. होस्टगणिक विचारू नका. पूर्ण जेसन एकदाच आणा, क्लासच्या बाहेर मॉड्यूलच्या पातळीवर एका डिक्शनरीत ठेवा आणि नंतर फक्त तिच्यात शोधा. ‘गेट_व्हार्स’ला मिळणाऱ्या ‘एंटिटीज’मध्ये होस्ट येतात तसे ग्रुपही येतात, ‘आयझइन्स्टन्स’ने तपासून ग्रुप सोडून द्या, तुमच्या सेवेला ग्रुप माहीतच नाहीत. जोडीला ‘व्हार्स_प्लगइन_स्टेजिंग’ हा डॉक्युमेंटेशन फ्रॅगमेंट (पर्यायांची तयार व्याख्या) घेऊन ‘स्टेज’ला ‘इन्व्हेंटरी’ द्या. मग प्लगइन इन्व्हेंटरी वाचून झाल्यावरच चालेल, टास्कच्या वेळी नाही.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटते. तुमच्या कोडमध्ये कॉल फसला की ‘एक्सेप्ट’मधून रिकामी डिक्शनरी परत जाते. मीही असंच लिहिलं होतं. एका रात्री सेवा बंद होती, प्लगइनने निमूट रिकामं उत्तर दिलं, आणि टेम्प्लेटमध्ये जागोजागी ‘डिफॉल्ट’ फिल्टर (व्हेरिएबल नसेल तर ठरलेली किंमत, म्हणजे व्हॅल्यू, वापरणारा) असल्यामुळे एकही टास्क लाल झाला नाही. डेटाबेसच्या कनेक्शनची मर्यादा सगळ्या प्रॉडक्शन सर्व्हरवर टेस्टिंगच्या आकड्यावर आली. सकाळी लोक साइट उघडेनात तेव्हा कळलं, आणि कारण सापडायला दुपार झाली, कारण प्लेबुकमध्ये त्या व्हेरिएबलचा उगम कुठे दिसतच नव्हता. व्हार्स प्लगइनची सोय हीच त्याची जोखीम आहे: वाचणाऱ्याला ते दिसत नाही. म्हणून कॉल फसला तर ‘अ‍ॅन्सिबलएरर’ फेका आणि रन थांबू द्या. टाइमआउटही द्या, नाहीतर अडकलेली सेवा तुमचं प्लेबुक अडकवून ठेवेल. आणि या मार्गाने येणाऱ्या प्रत्येक व्हेरिएबलच्या नावाला ठरावीक उपसर्ग लावा, म्हणजे ते कुठून आलं हे नावावरूनच कळेल आणि ग्रुप_व्हार्समधल्या नावाशी टक्कर होणार नाही.

पासवर्ड मात्र या वाटेने आणू नका. व्हार्स प्लगइनने दिलेलं सगळं त्या होस्टच्या व्हेरिएबल्समध्ये उघडं बसतं, गरज असो वा नसो. त्यासाठी लुकअप प्लगइन (बाहेरून व्हॅल्यू आणणारं) बरं: ते कंट्रोलरवरच (प्लेबुक जिथून चालवता त्या मशीनवरच) चालतं, तेही ती किंमत खरोखर लागते तेव्हाच. त्या टास्कला ‘नो_लॉग’ लावा, म्हणजे तपशील लॉगमध्ये छापला जाणार नाही. एक लक्षात असू द्या, व्हेरिएबलमध्ये लिहिलेला लुकअप ते व्हेरिएबल वापरलं जाईल तितक्या वेळा नव्याने चालतो. दर वेळी वेगळी किंमत येणार असेल तर ‘सेट_फॅक्ट’ने ती एकदाच धरून ठेवा.

बदल केल्यावर थेट प्लेबुक चालवू नका. ‘अ‍ॅन्सिबल-इन्व्हेंटरी’ला ‘होस्ट’ पर्यायात एका सर्व्हरचं नाव द्या. प्लगइन प्लेबुकशेजारच्या ‘व्हार्स_प्लगइन्स’ फोल्डरमध्ये असेल तर ‘प्लेबुक-डिर’ही द्या. त्या सर्व्हरची व्हेरिएबल्स तिथे दिसतील. मग सेवेचा पत्ता मुद्दाम चुकीचा लिहून तीच कमांड पुन्हा चालवा. तेव्हा एरर आली नाही, तर ‘गेट_व्हार्स’चा पूर्ण कोड इथे टाका, मी बघतो.