रोज सकाळी पोट दुखतं म्हणणारी मुलगी नाटक करते का?

"मॅडम, रविवारी अगदी ठणठणीत असते. सोमवारी दप्तर भरायची वेळ आली की पोट धरून बसते. नाटक करते का ओ ही?"

शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करताना हा प्रश्न मला फार वेळा ऐकायला मिळतो. विचारणारी बहुतेक वेळा आई असते आणि घरचे तिलाच बोल लावत असतात, "तुझ्या लाडानं बिघडली." म्हणून उत्तर आधीच देते. दुखणं खरं असतं. मनावर ताण असला तरी मुलांचं पोट खरोखर दुखतं, आणि कधीकधी ताणाच्या मागे इतकी साधी गोष्ट असते की ती विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही.

वरचा प्रश्न विचारणाऱ्या ताईंची मुलगी सातवीत होती. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) तालुक्याच्या गावातली शाळा, घर जवळच्या खेड्यात. सहावीपर्यंत नियमित जाणारी मुलगी आता महिन्यातून चार-पाच दिवस घरी राहायची. संध्याकाळी डोकं दुखतं म्हणून पडून राहायची, गणितात मागे पडली होती. वर्गशिक्षकांनी वहीत शेरा लिहिला होता, "अभ्यासात लक्ष नाही." बोलता बोलता ताई म्हणाल्या, "मध्ये दोनदा लघवीचं इन्फेक्शन झालं होतं, पण ते गोळ्यांनी बरं झालं." त्यांच्या लेखी तो विषय संपलेला होता.

मुलीशी मी एकटीशी बोलले. कुठल्याही मुलाशी बोलायला बसले की एक गोष्ट आधीच स्पष्ट करते: तू सांगशील ते माझ्यापाशी राहील, पण तुला कुणी इजा करत असेल, त्रास देत असेल, तर मला ते पुढे सांगावंच लागेल. लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याने, ते बंधनकारकच आहे, आणि मुलांना ते बोलण्याआधी कळलं पाहिजे. पोटदुखीमागे वर्गातली दादागिरी, एखाद्या शिक्षकांची भीती, बसमधला नको तो स्पर्श असं काहीही असू शकतं. तिच्याशी बोलताना तसं काही पुढे आलं नाही.

मग कागदावर एक आडवी रेघ मारली आणि म्हटलं, "बाळा, कालचा दिवस सांग. उठल्यापासून झोपेपर्यंत. काय खाल्लंस, किती वाजता पाणी प्यायलीस, लघवीला कधी गेलीस." ती हसली, मग मान खाली घातली. रेघेवर पहिली खूण सकाळी नऊची, एसटीला निघण्याआधीची. पुढची संध्याकाळी सहाची. मध्ये काहीच नाही.

"शाळेत नाही जात मी."

"आणि पाणी?"

"पीत नाही. प्यायलं की लागते ना."

आई रोज लिटरभराची स्टीलची बाटली भरून द्यायची आणि ती रिकामी होऊन परत यायची. भरलेली दिसली तर आई रागावते म्हणून सुटल्यावर फाटकाजवळच्या झाडाला पाणी घालून ती बसला पळायची.

कारण हळूहळू उलगडलं. मुलींच्या स्वच्छतागृहात तीन दारं, त्यातल्या दोन दारांना कडी नाही. एकीनं आत जायचं, दुसरीनं बाहेरून दार धरायचं. मधल्या सुट्टीत रांग, आणि तासाला विचारलं तर "आत्ताच सुट्टी झाली ना?" असं सगळ्या वर्गासमोर ऐकायचं. जून महिन्यात तिला पाळी आली. आत बादली नाही, पॅड टाकायला डबा नाही. ते दिवस ती घरीच काढायची, पोट दुखतं एवढंच सांगून.

दिवसभर पाणी न पिणं आणि लघवी तासन्‌तास दाबून ठेवणं यातून मुलींना मूत्रमार्गाचा संसर्ग होण्याचा धोका वाढतो. बद्धकोष्ठता असेल तर आणखी वाढतो. पाणी कमी पडलं की डोकं दुखतं, लक्ष लागत नाही. वहीतला शेरा आणि डॉक्टरांची चिठ्ठी एकाच कारणाबद्दल बोलत होत्या. मी ताईंना पुन्हा डॉक्टरांकडे पाठवलं, या वेळी हे सगळं सांगायचं असं बजावून. जळजळ, ताप किंवा कमरेत दुखणं असेल तर थांबायचं नाही, लघवीची तपासणी करायची आणि दिलेला औषधाचा कोर्स मध्येच सोडायचा नाही.

आता शाळेशी बोलायचं होतं. मुलीनं माझा हात धरून सांगितलं, "माझं नाव नका सांगू." तिचं म्हणणं मला पूर्ण पटलं. मुलीला पुढे करून कडी बसवून घेणं हा तिच्यावर नवा अन्याय झाला असता. मग सातवी ते दहावीच्या सगळ्या मुलामुलींना बिननावाच्या चिठ्ठ्या दिल्या. प्रश्न एकच: शाळेतला दिवस कशामुळे अवघड जातो? चिठ्ठ्यांचा गठ्ठा मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला. मुलांच्या चिठ्ठ्यांतही वासाचा आणि पाण्याचा उल्लेख होता.

सरांनी आधी अडचणी सांगितल्या. सफाईला माणूस नाही, टाकीला पाणी पुरत नाही. त्या खऱ्याच होत्या. पण कड्या त्याच आठवड्यात बसल्या, बादली-मग आले, झाकणाचा डबा आला. पाण्याचं प्रकरण लांबलं. ते शाळा व्यवस्थापन समितीत गेलं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह हाही त्याच कायद्यातला निकष आहे. पालकांनी हे मागताना उपकार मागितल्यासारखं बोलू नये.

केरळमधल्या शाळांनी 2019 मध्ये पाणी प्यायची वेगळी घंटा सुरू केली होती. तशी घंटा इथेही सुरू झाली. एका शिक्षकांना काळजी होती की मुली तासाला बाहेर जायचं निमित्त करतील. दोन-चार जणी करतीलही. त्यासाठी बाकीच्या सगळ्यांनी नऊ तास लघवी दाबून बसायचं, हे मला मान्य नाही.

त्या मुलीचं गणित अजून कच्चं आहे, त्यासाठी वेगळी मदत चालू आहे. सकाळची पोटदुखी मात्र दिवाळीपर्यंत जवळजवळ थांबली. पाळीत पहिल्या दिवशी खूप दुखलं तर ती घरी राहते, आणि कारण आईला सरळ सांगते.

तुमच्या घरी असंच चाललं असेल तर "का जायचं नाही?" असं विचारू नका, त्याला मुलांकडे उत्तर नसतं. शाळेतला एक दिवस तास-तासाने सांगायला लावा. डबा कुठे बसून खाल्ला, शेजारी कोण होतं, पाणी कधी प्यायलं, लघवीला कधी गेली. हे विचारताना रागावू नका आणि लगेच उपायही सांगू नका. मूल सतत उदास राहत असेल, जेवणझोप उडाली असेल किंवा जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोलत असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. मुलाला कुणी त्रास देत असेल तर 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा.