कोल्हापुरात ‘सदर्न’ हॉटेल: काय मागवायचे, काय विचारायचे

शहरात नुकतेच अमेरिकी दक्षिणेच्या धाटणीचे रेस्टॉरंट आणि बार सुरू झाले आहे. त्याबद्दल आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न: पाटीवर ‘सदर्न’ वाचून आम्ही डोसा-आप्पमच्या अपेक्षेने गेलो. मेनूत ओळखीचे एकही नाव नव्हते. चौघांनी पहिल्यांदा काय मागवावे? (राजारामपुरी)

हे जेवण अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांचे आहे, व्हर्जिनिया-जॉर्जियापासून लुइझियानापर्यंतचे. मका तिथल्या मूळ रहिवाशांचा. भेंडी, चवळी आणि रांधण्याची बरीचशी हातोटी आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांची. त्यामुळे नावे परकी असली तरी साहित्य तुमच्या घरातलेच आहे. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या. कॉर्नब्रेड म्हणजे मक्याचे पीठ ताकात भिजवून बिडाच्या तापलेल्या भांड्यात भाजलेला जाड पाव. गंबो हा दाट रस्सा, आणि त्याचे नावच आफ्रिकेतल्या भेंडीच्या नावावरून आले आहे.

चौघांत हाडासकट फ्राइड चिकनची एक प्लेट, गंबोचे दोन बाऊल, ग्रिट्स एक, कॉर्नब्रेड एक एवढे पुरे. गंबो आधी आणि चिकन मागून येऊ द्या, कारण कच्च्यापासून तळलेल्या चिकनला पंधरा-वीस मिनिटे लागतातच. ते पाच मिनिटांत समोर आले तर आधी तळून ठेवलेले आहे, असे समजा.

गंबोचा कस त्याच्या ‘रू’वर ठरतो. तेल आणि मैदा समभाग घेऊन मंद आचेवर सतत हलवत अर्धा-पाऊण तास भाजतात, चॉकलेटी रंग येईपर्यंत. त्यात कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची पडते. घाई केली की रू फिका राहतो आणि रश्शाला कच्च्या मैद्याची चव येते. हलवणे थांबले की काळे ठिपके धरतात, मग ते सगळे फेकूनच द्यावे लागते, कडवटपणा झाकता येत नाही. पहिल्या चमच्यातच हे कळते. कण्यांचेही तसेच. जात्यावर भरडलेल्या कण्यांना चार-पाचपट पाणी किंवा दूध आणि पाऊण तास लागतो. झटपट पाकिटातल्या असतील तर खळीसारख्या गुळगुळीत लागतात. नीट शिजलेल्यांचा कण मऊ असतो, पण जिभेला वेगळा कळतो. गरम असतानाच खा, गार झाल्या की वडीसारख्या थिजतात.

कॉर्नब्रेडबरोबर तिकडे उसाचा किंवा गोड ज्वारीच्या ताटांचा पाक घेतात. आपली काकवी त्याच जातीची. गुऱ्हाळांच्या जिल्ह्यात हॉटेलने बाटलीतले मेपल सिरप देऊ नये, काकवी ठेवावी. तुम्हीही मागून बघा.

प्रश्न: चिकनचा पाय तोडला तर हाडाजवळ मांस गुलाबी होते. वेटर म्हणाला, ‘हे असेच असते.’ खरे आहे का? आणि वरचे कव्हर सालीसारखे निघून का आले? (ताराबाई पार्क)

गुलाबी रंगावरून कच्चे-शिजलेले ठरत नाही. ब्रॉयलर कोंबडी जेमतेम सहा आठवड्यांची असते, तिची हाडे सच्छिद्र असतात. हाडांतल्या मज्जेतला रंग शिजताना बाहेर झिरपतो, आणि मांस आधी गोठवलेले असेल तर जास्तच. रश्शात बराच वेळ रटरटल्यावर हा रंग तपकिरी होऊन जातो, म्हणून आपल्याला तो सहसा दिसत नाही. खात्रीची कसोटी एकच: सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता, थर्मामीटर ७४ अंश सेल्सियस दाखवायला हवा. तुमच्या टेबलावर थर्मामीटर नसतो, पण स्वयंपाकघरात असलाच पाहिजे, आणि त्याबद्दल विचारण्यात गैर काही नाही. हाताशी असलेली खूण अशी: मांस धाग्याधाग्याने सुटते का आणि रस स्वच्छ आहे का ते पाहा. मांस काचेसारखे पारदर्शक, चिवट आणि हाडाला घट्ट धरून असेल तर ते कच्चे आहे. तो तुकडा खाऊ नका, परत पाठवा. त्याच तुकड्याला पुन्हा तळून आणू नका, नवा द्या, असे स्पष्ट सांगा.

कव्हर निघते ते बहुतेक वेळा घाईमुळे. चिकन मिठाच्या ताकात आठ-बारा तास मुरवतात, जादा ताक निथळून मैद्यात घोळवतात आणि मग पंधरा-वीस मिनिटे जाळीवर तसेच ठेवतात. एवढ्या वेळात मैदा ओलावा पिऊन कातडीला चिकटतो. ही विश्रांती चुकवली की तेलात पडताच आतली वाफ कव्हर उचलते. तेल १६५ ते १७५ अंशांवर हवे. एकदम खूप तुकडे टाकले तर तापमान दीडशेच्या खाली येते आणि मैदा तेल पितो. १८५च्या वर गेले तर बाहेरून करपते, आत कच्चे राहते.

पार्सल नेताना डब्याचे झाकण थोडे उघडे ठेवा, नाहीतर वाफेने कव्हर ओलेगच्च होते. घरी ओव्हनमध्ये किंवा एअर फ्रायरमध्ये १८० अंशांवर आठ-दहा मिनिटे गरम करा. मायक्रोवेव्ह नको.

प्रश्न: ‘नॅशव्हिल हॉट’ मागवले, तरी तांबड्या रश्श्याचा झणका नाही. गंबो तर अगदीच सपक. वरून कांदा-लसूण मसाला मागावा का? (मंगळवार पेठ)

गंबोत नको. ज्या रूसाठी कोणीतरी अर्धा-पाऊण तास उभे राहिले, त्याची चव भाजके खोबरे आणि लसूण पूर्ण झाकून टाकतील. नॅशव्हिलचे (हे तिकडचे एक शहर) तिखट वेगळ्या जागी असते. चिकन तळल्यावर केयेन मिरचीची पूड आणि थोडी ब्राऊन शुगर त्याच गरम तेलात कालवून वरून फासतात. खाली साधा ब्रेड आणि काकडीचे लोणचे असते. तिखट पृष्ठभागावर राहते, आत मुरत नाही. म्हणून ‘एक्स्ट्रा हॉट’ सांगा आणि तेच तेल वाटीत वेगळे मागा. टबॅस्को (लुइझियानातला, १८६८ पासूनचा) सॉस मिरची, मीठ आणि व्हिनेगरचा असतो. तो तिखटापेक्षा आंबट आहे आणि पालेभाजीवर चांगला लागतो.

प्रश्न: मी शाकाहारी आहे. पालेभाजी, चवळी, कण्या, ब्रेड मागवले तर चालेल ना? (शाहूपुरी)

न विचारता मागवू नका. नेमक्या याच पदार्थांत मांस लपलेले असते. कोलार्डची (कोबीच्या जातीचा पाला) पालेभाजी पारंपरिक पद्धतीत डुकराच्या स्मोक्ड नळीबरोबर तास-दोन तास शिजवतात, चवळीतही तेच. कण्या चिकन किंवा कोळंबीच्या स्टॉकमध्ये (उकळून काढलेल्या पाण्यात) शिजलेल्या असू शकतात. बिस्किटात (हे चहाचे नव्हे, सोड्याचे मऊ पावासारखे) लोण्याऐवजी डुकराची चरबी असू शकते. ‘व्हेज आहे का?’ एवढे विचारून भागत नाही, कारण पानात मांसाचा तुकडा दिसत नाही म्हणून वेटर हो म्हणून मोकळा होतो. ‘पाणी की स्टॉक? चरबी कोणती? तळणीचे तेल वेगळे आहे का?’ हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तर स्वयंपाकघरातून येऊ द्या. तळलेली भेंडी, तळलेले हिरवे टोमॅटो बिनमांसाचे असतात, पण चिकनच्याच कढईत तळले तर तुमच्या उपयोगाचे नाहीत. कोलस्लॉच्या (कोबीच्या कोशिंबिरीच्या) मेयोनीजमध्ये अंडे असू शकते.

प्रश्न: बर्बन आणि आपली व्हिस्की यांत फरक काय? बिलात काय तपासावे? (रंकाळा परिसर)

बर्बन ही अमेरिकी व्हिस्की. अमेरिकी कायद्याने तिच्या धान्यात किमान ५१ टक्के मका लागतो आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओक पिंपात ठेवावी लागते. व्हॅनिला-कॅरॅमलचा गोडवा त्या पिंपाचा. आपल्याकडच्या अनेक स्वस्त व्हिस्कींचा पाया मळीच्या स्पिरिटचा असतो. ‘ओल्ड फॅशन्ड’ कॉकटेल मागवाल तर ६० मिली बर्बन, चमचाभर साखरेचा पाक, बिटर्सचे (कडू अर्काचे) दोन-तीन थेंब, संत्र्याची साल आणि बर्फाचा एकच मोठा तुकडा. बारीक बर्फ घातला की पाच मिनिटांत ते पाणचट होते, आणि सोडा त्यात नसतोच. बाटली दाखवून समोर मापाने ओतायला सांगा. महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वय २५ पूर्ण लागते, सौम्य बिअर आणि वाइनसाठी २१. पिण्याचा परवानाही लागतो, तो एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो.

बिलात जेवणावर ५ टक्के जीएसटी असतो (महागड्या तारांकित हॉटेलात १८). दारूवर जीएसटी नाही, व्हॅट वेगळा लागतो. दोन्ही एकत्र करून सगळ्यावर जीएसटी लावलेला दिसला तर दुरुस्त करून घ्या. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये तसे स्पष्ट केले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. काढायला सांगा. काढला नाही तर बिलाचा फोटो ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा.