तीच कंपनी, मोठी गाडी, नवे कर्ज

प्रश्न : मी चिंचवडला राहतो आणि भोसरीतील एका कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात काम करतो. वडिलांनी १९९८ मध्ये घेतलेली मोटारसायकल आमच्याकडे बावीस वर्षे विनातक्रार चालली, म्हणून २०२१ मध्ये मी त्याच कंपनीची, ३५० सीसीच्या आतली नवी गाडी घेतली. दुसऱ्याच पावसाळ्यात टाकीच्या जोडाला गंज दिसला, पुढे वायरिंगने त्रास दिला आणि आता शॉकअपचे ऑइल सील गळत आहेत. दुरुस्तीचा अंदाज २४,००० रुपये आहे. शोरूमवाले म्हणतात, त्याच कंपनीचे ३५० सीसीहून मोठे नवे मॉडेल घ्या, जुन्या गाडीचे ९०,००० देतो. ऑन-रोड किंमत ३,४०,००० रुपये. त्यातले २५,००० मुदत ठेवीतून आणि २,२५,००० कर्जातून : मुदत तीन वर्षे, व्याज ९ टक्के, हप्ता ७,९४० रुपये. पत्नीचे म्हणणे, दुसऱ्या कंपनीची १२५ सीसीची साधी गाडी घ्यावी. हाती येणारा पगार ६८,०००, घराचा हप्ता २१,५००, एसआयपी ८,०००, अडीअडचणीसाठी ठेव १,२०,०००. मुलगी दहावीत आहे. कंपनी बदलायला मन तयार होत नाही. काय करावे?

उत्तर : आपण आकडे मनमोकळेपणाने दिलेत, म्हणून सुरुवात आकड्यांपासूनच करतो, कारण त्यातला एक आकडा आपल्याला सांगितला गेला तसा नाही. दोन लाख पंचवीस हजारांवर घटत्या शिलकेने ९ टक्के व्याज असेल, तर तीन वर्षांचा हप्ता सुमारे ७,१५५ रुपये बसतो. ७,९४० रुपयांचा हप्ता तेव्हाच येतो, जेव्हा ९ टक्के ‘फ्लॅट’ दराने आकारलेले असतात, म्हणजे आपण मुद्दल फेडत गेलात तरी व्याज मात्र शेवटपर्यंत मूळ रकमेवरच लागत राहते. हाच दर घटत्या शिलकेच्या भाषेत मांडला, तर तो १६ टक्क्यांच्या आसपास जातो. एकूण व्याज सुमारे ६०,७५० रुपये होईल आणि त्यातले अंदाजे २८,००० रुपये केवळ या आकारणीच्या पद्धतीमुळे जास्तीचे जातील. आपला निर्णय काहीही होवो, या कागदावर सही करू नये. गाडी घ्यायचीच ठरली, तर ज्या बँकेत आपला पगार जमा होतो तिथे आधी विचारावे आणि वार्षिक प्रत्यक्ष दर लेखी घ्यावा.

आता गाडीच्या किमतीकडे पाहू. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्याहून मोठ्या इंजिनांवर तो ४० टक्के झाला. म्हणजे कारखान्यातून एक लाखाला निघालेली वस्तू लहान गटात १,१८,००० ला आणि मोठ्या गटात १,४०,००० ला पडते. शिवाय नोंदणीचा कर या वाढलेल्या किमतीवर लागतो. गाडी विकताना कराचे हे पैसे वेगळे परत मिळत नाहीत. विमा कंपन्या घसारा ज्या तक्त्याने धरतात, त्यानुसार तीन वर्षे उलटलेल्या वाहनाचे विमा मूल्य त्याच्या किमतीच्या ४० टक्क्यांनी कमी होते. आपल्या गाडीची शोरूममधली किंमत २,८०,००० च्या आसपास असावी असे ऑन-रोड आकड्यावरून दिसते. कर्ज संपेल त्या दिवशी, आजचीच किंमत कायम धरली, तर तिचे मूल्य १,६८,००० च्या घरात असेल आणि तोवर जुनी गाडी, ठेव, मुद्दल व व्याज मिळून सुमारे चार लाख रुपये तिच्यात गेलेले असतील.

घरखर्चासाठी आज आपल्याकडे ३८,५०० रुपये उरतात, नव्या हप्त्यानंतर ३०,५६० उरतील. पुढच्या जूनपासून अकरावीचा खर्च सुरू होईल. चांगल्या शिकवणीचे शुल्क पुण्यात किती आहे, हे आपण चौकशी करून पाहिलेच असेल. अडचणीसाठीची ठेव आज जेमतेम दोन महिन्यांच्या खर्चाएवढी आहे. तिच्यातून २५,००० काढले, तर दीड महिन्याचाच आधार राहतो. माझ्या मते या ठेवीला हात लावू नये, आणि या एका बाबतीत मी तडजोड सुचवणार नाही.

आपल्या पत्रातला खरा प्रश्न मात्र कंपनी न बदलण्याचा आहे, आणि त्याची टिंगल करण्याचे मला काहीच कारण दिसत नाही. ज्या गाडीवरून वडिलांनी बावीस वर्षे घर चालवले, तिच्या नावाबद्दल मनात ओढ राहणारच. पण आपण गुणवत्ता तपासणीत आहात, म्हणून विचारतो : पुरवठादाराने १९९८ मध्ये पाठवलेला माल उत्तम होता, एवढ्या आधारावर आज आलेला लॉट आपण न तपासता पुढे सोडाल का? गाडीवरचे नाव तेच असले, तरी ती बनवण्याची पद्धत, तिचे सुटे भाग करणारे कारखाने आणि त्यांना मिळणारा दर, यांतले काहीच तेव्हाचे राहिलेले नाही.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे वाहनांच्या धुराबाबतचे कडक निकष लागू झाले. कार्ब्युरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली, सेन्सर आले, सायलेन्सरमधले उत्प्रेरक महागले आणि हा सारा खर्च गिऱ्हाइकावर पूर्ण टाकता येत नव्हता. अशा वेळी बचत तिथे होते, जिथे शोरूममध्ये नजर जात नाही : रंगाखालचा गंजरोधक थर, नट-बोल्टवरील मुलाम्याची जाडी, वायरिंगच्या कपलरमधले पाणी अडवणारे रबर. सुटे भाग बनवणाऱ्यांकडे दरवर्षी दर कमी करून मागितला जातो, हे भोसरी आणि चाकणमध्ये काम करणाऱ्याला मी सांगायला नको. न्यायाने हेही म्हटले पाहिजे की आजची इंजिने पूर्वीपेक्षा अचूक बनतात. आपल्या गाडीच्या इंजिनाबद्दल पत्रात एकही तक्रार नाही. बिघाड सगळा वरच्या कामात आहे आणि माझ्या सल्ल्याचा बराचसा आधार तोच आहे.

निष्ठेने कंपनी सुधारते का, याचे एक मोठे उदाहरण अमेरिकेत घडले. हार्ले-डेव्हिडसन ही कंपनी १९६९ मध्ये एएमएफ या उद्योगसमूहाने घेतली, उत्पादन झपाट्याने वाढवले गेले आणि तेल गळणाऱ्या, सतत कुरकुरणाऱ्या गाड्या बाहेर पडू लागल्या. कट्टर मालकांनी तरीही साथ सोडली नाही. दुरुस्तीचा खर्च मात्र त्यांच्याच खिशातून गेला. १९८१ मध्ये कंपनीतल्याच काही अधिकाऱ्यांनी ती विकत घेतली, कारखान्यातल्या कामाची पद्धत बदलली आणि दर्जा सुधारला. त्यांना जाग आणली ती जपानी गाड्यांकडे वळलेल्या गिऱ्हाइकांनी, असे मी मानतो. जे थांबून राहिले, त्यांच्यामुळे कंपनी तगली; पण त्यांची पावती पाहून कारखान्यातला दोष कुणालाही दिसला नसता. आपणही आजच्या तक्रारी गिळून दुप्पट किमतीची गाडी घेतलीत, तर कंपनीच्या नोंदीत आपण समाधानी ग्राहक ठराल.

म्हणून माझा सल्ला असा आहे की सध्या दुरुस्ती करून घ्यावी. २४,००० रुपये म्हणजे नव्या गाडीचे तीन हप्ते. तेही एकदम देऊ नयेत. वायरिंगचे काम अधिकृत सेवा केंद्रातच करावे. ऑइल सील, चेन-स्प्रॉकेट यांसारखे भाग नाना पेठेतून मूळ कंपनीच्या बंद पाकिटातले, छापील किंमत पाहून आणून विश्वासातल्या मेकॅनिककडून बसवता येतील. त्याआधी कंपनीला लेखी तक्रार पाठवावी आणि गंजाची नोंद असलेली जुनी जॉब कार्डे जोडावीत. ग्राहक आयोगात दाद मागण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची असते, त्यामुळे गंजाबाबत आपली बाजू उशिराची आहे. तरी वॉरंटीच्या काळात दोष नोंदला गेला असेल, तर कंपनी काही खर्च सोसायला तयार होऊ शकते. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

दुरुस्ती झाली की ७,९४० रुपयांची आवर्ती ठेव अठरा महिन्यांसाठी सुरू करावी. हा हप्ता आपल्या घराला पेलतो की नाही, हे कर्ज न घेता कळेल आणि साडेसहा टक्के व्याज धरले तर शेवटी सुमारे दीड लाख रुपये हाती असतील. दरम्यान त्या नव्या मॉडेलचे दोन पावसाळे पाहून होतील. ज्यांनी ते पहिल्याच वर्षी घेतले, त्यांच्या टाकीचा जोड आणि वायरिंग कसे टिकले, हे सेवा केंद्राच्या दारात उभे राहूनही समजते. तोवर गंज नसेल आणि मन तेच म्हणत असेल, तर उरलेल्या साधारण लाखभराच्या कर्जावर ती गाडी जरूर घ्यावी. त्या खर्चाला मी मग उधळपट्टी म्हणणार नाही.

आपल्या पत्नीचे म्हणणे मी शेवटी घेतले, पण केवळ हिशेब पाहिला तर तेच सर्वांत बळकट आहे. १२५ सीसीची गाडी १८ टक्क्यांच्या गटात येते, जुन्या गाडीच्या पैशांत थोडी भर घालून कर्जाशिवाय मिळू शकते आणि रोजच्या चिंचवड-भोसरी फेरीत पेट्रोलचा खर्चही वाचवते. तरीही मी दुरुस्ती आधी सांगतो, कारण इंजिन सुस्थितीत आहे आणि आपल्याला ती चालवण्यात आनंद आहे. त्या आनंदासाठी २४,००० रुपये ही मला वाजवी रक्कम वाटते. मर्यादा मात्र आजच ठरवून पत्नीला सांगून ठेवावी : दुरुस्तीनंतरच्या पहिल्या पावसाळ्यात आणखी १०,००० रुपयांहून जास्त खर्च आला, तर १२५ सीसीची गाडी घ्यायची, कंपनी कोणतीही असो.

जुनी गाडी केव्हाही विकलीत, तरी विम्याचे नो क्लेम बोनस प्रमाणपत्र आपल्या नावाने मागून घ्यावे. ही सवलत गाडीची नसून मालकाची असते, तीन वर्षांपर्यंत नव्या गाडीसाठी वापरता येते आणि सलग चार वर्षे दावा केला नसेल तर विम्याच्या हप्त्यातल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर ४५ टक्के मिळते. शोरूममधून विमा काढताना ती आपण होऊन कुणी देईलच असे नाही.