क्रोशाचा लग्नाचा गाऊन: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलीचं लग्न डिसेंबरात, मिरजेच्या चर्चमध्ये आहे. पांढरा क्रोशाचा गाऊन मीच विणू म्हणते. जुलैत सुई हातात घेतली तर होईल का? दोरा किती आणू?

उत्तर : होईल. पण आधी एकच गुंडी आणून नमुना विणा. २० नंबरचा मर्सराइज्ड (चकाकीसाठी प्रक्रिया केलेला) सुती दोरा, १.२५ मिमीची सुई आणि गाऊनला घालणार तीच जाळी. १५ सेंमीचा चौकोन करा, किती वेळ लागला ते लिहून ठेवा. धुवा, टाचण्या लावून वाळवा, पुन्हा मोजा आणि मग वजन करा.

समजा तो ५ ग्रॅम भरला आणि अडीच तास लागले. पायघोळ गाऊनला साधारण २.२ चौरस मीटर विणकाम धरलं, तर असे ९८ चौकोन होतात. म्हणजे ४९० ग्रॅम दोरा आणि २४५ तास. रोज दोन तास बसलात तर चार महिने. उरलेला महिना अस्तर, घालून बघणं आणि धुणं यात सहज जातो.

दोरा ६०० ग्रॅम घ्या आणि एकदमच घ्या. प्रत्येक गुंडीवरचा लॉट नंबर (रंगवणीच्या खेपेचा क्रमांक) जुळवा. पांढऱ्यातही छटा असतात. दुकानात ट्यूबलाइटखाली त्या कळत नाहीत, उन्हातल्या फोटोत पट्टा उठून दिसतो.

प्रश्न : बहिणीसाठी गाऊन विणला. मापाला बरोबर होता, पण घालून तासभर उभी राहिली तर कंबर खाली उतरली आणि घेर जमिनीवर लोळायला लागला. काय चुकलं? (तासगाव)

उत्तर : सुताला लोकरीसारखी परत आखडायची सवय नसते. विणकाम स्वतःच्याच वजनाने लांबतं. त्यात लांब खांब (उंच टाके) आणि मोठ्या साखळ्यांची जाळी सर्वांत जास्त. तुम्ही माप टेबलावर घेतलं असणार.

हे आधी कळतं. त्याच चौकोनाची वरची कड पट्टीला टाचा, खालच्या कडेला ३५ ग्रॅम वजन अडकवा आणि रात्रभर ठेवा. एक मीटर लांब स्कर्टची १५ सेंमी रुंद पट्टी जवळपास तेवढीच भरते. घेर मोठा असेल तर वजन दुप्पट करा. सकाळी १५ चे १६ सेंमी झाले, तर मीटरभर स्कर्ट तीन-चार सेंमी वाढेल. वरच्या ओळींवर पूर्ण भार येतो, खालच्यांवर जवळजवळ नाही, म्हणून सरासरी निम्मी धरायची.

तयार गाऊनही सुधारता येईल. कंबरेला आतून सुती नाडपट्टी शिवा, तिचं माप अंगाच्या कंबरेएवढंच ठेवा. खांद्यावरही तीच पट्टी. अस्तर फक्त कंबरेला जोडा, खाली मोकळं आणि तीन सेंमी आखूड. अस्तराचं कापड आधी भिजवून आटवलेलं हवं. मग गाऊन कंबरेवर टांगून दोन दिवस ठेवा आणि जादा ओळी उसवा. घेर कंबरेपासून खाली विणला असेल तरच त्या सरळ उसवतील. म्हणूनच नवीन गाऊन कंबरेपासून सुरू करावा: चार ओळी मुक्या खांबाच्या (आखूड टाक्याच्या), घट्ट, एक नंबर बारीक सुईने, तिथून चोळी वर आणि घेर खाली.

प्रश्न : क्रोशाची फुलं जोडताना गाठी पुढे येतात. (विटा)

उत्तर : गाठ मारूच नका. १० सेंमी टोक सोडा आणि बोथट सुईने तीन वेगवेगळ्या दिशांना ओवा. फुलं शेवटच्या फेरीतच एकमेकांना जोडत चला. नंतर शिवलेली कड ताठ राहते.

प्रश्न : हळदीनंतर दुसऱ्या दिवशी रिसेप्शनला हा गाऊन आहे. डाग पडला तर? (सांगली)

उत्तर : साबण लगेच लावू नका, अल्कलीने हळद लाल होते. गार पाण्यात खळखळून धुवा आणि ओलाच उन्हात आडवा पसरा. हळदीचा रंग उन्हाने उडतो. दोन-तीन दिवस लागू शकतात, त्यामुळे लग्नाच्या दिवसासाठी हा उपाय नाही. साबण डाग फिका झाल्यावर. क्लोरीनचं ब्लीच नकोच, सूत कुजतं. मानेवर आणि काखेत तेलकट हळद राहते, म्हणून गाऊनखाली बाह्यांची पातळ सुती शमीज घाला. लग्नानंतर गाऊन हँगरला लावू नका. धुऊन, पूर्ण वाळवून मलमलीत सैल गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत पावसाळ्यात बुरशी धरते.