विमानातून पडल्यानंतरचे अकरा दिवस

मृत्यूच्या दाढेतून परत आलेल्या माणसांपैकी कोणाची कथा सर्वांत विलक्षण वाटते आणि अशी माणसे नेमकी कशामुळे वाचतात, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर गेली कित्येक वर्षे बदललेले नाही: यूलियाने कोप्के.

२४ डिसेंबर १९७१ रोजी पेरूमध्ये लिमाहून पुकाल्पाकडे निघालेले विमान वादळात सापडले, त्यावर वीज कोसळली आणि ते हवेतच मोडले. १७ वर्षांची यूलियाने आसनाला बांधलेल्या अवस्थेत सुमारे ३ किलोमीटर उंचीवरून ॲमेझॉनच्या अरण्यात पडली. विमानातल्या ९२ जणांपैकी ती एकटीच परत आली. ती पडूनही जगली, हा भाग मी निव्वळ नशिबाचा मानतो. मला पुन्हा पुन्हा वाचावेसे वाटतात ते त्यानंतरचे ११ दिवस.

शुद्धीवर आली तेव्हा तिचे कॉलरबोन मोडलेले होते, दंडावर खोल जखम होती, चष्मा हरवला होता आणि पायात एकच सँडल उरली होती. तिचे आईवडील दोघेही प्राणिशास्त्रज्ञ होते आणि अरण्यातल्या त्यांच्या संशोधन केंद्रावर ती काही काळ राहिलेली होती. त्यामुळे ओहोळ सापडताच, पाणी वाहते त्या दिशेने चालत राहिले की माणसांची वस्ती लागते, हे वडिलांचे सांगणे तिला आठवले. चष्म्याशिवाय पाचोळ्यात दडलेला साप दिसणार नव्हता, म्हणून सँडल घातलेला पाय ती आधी पुढे टाकी. काठच्या उथळ पाण्यात विषारी काट्याचे स्टिंग रे मासे दबून बसतात हे ठाऊक असल्याने ती प्रवाहाच्या मधून जाई. एके ठिकाणी होॲत्झिन पक्ष्यांचे ओरडणे कानी पडले आणि तिने ओळखले, की मोठी नदी जवळ आहे. ही ओळख तिला पक्षितज्ज्ञ आईने करून दिलेली होती. खायला होती ती फक्त गोड गोळ्यांची एक पिशवी.

दहाव्या दिवशी तिला एक होडी आणि जवळच एक रिकामी झोपडी दिसली. तोवर दंडाच्या जखमेत अळ्या पडल्या होत्या. घरच्या कुत्र्याच्या अशाच जखमेवर वडिलांनी रॉकेल ओतल्याचे आठवून तिने होडीच्या इंजिनाचे इंधन जखमेत ओतले आणि वर आलेल्या अळ्या एकेक करून काढल्या. होडी मात्र तिने नेली नाही, कारण ती चोरी ठरली असती. जीव कंठाशी आलेला असतानाचा हा विचार वाचून मी प्रत्येक वेळी थबकतो. दुसऱ्या दिवशी झोपडीकडे आलेल्या लाकूडतोड्यांना ती सापडली.

हाती असलेल्या वस्तूचा आणि माहितीचा असा कणाकणाने उपयोग करणे मला इतरत्रही दिसते. १९४२ साली जहाज बुडाल्यावर पून लिम हा चिनी खलाशी अटलांटिक महासागरात तराफ्यावर १३३ दिवस एकटा तगला. पावसाचे पाणी साठवून आणि विजेरीतल्या तारेचा गळ करून मासे पकडत. २०१० साली चिलीतल्या सान होसे खाणीत अडकलेल्या ३३ कामगारांनी दोन-तीन दिवसांचे अन्न १७ दिवस पुरवले, दर ४८ तासांनी प्रत्येकी दोन चमचे टूना मासा अशा काटेकोर वाटणीने. जमिनीखाली सुमारे ७०० मीटरवर ते जिवंत आहेत हे वरच्या लोकांना कळले ते त्यानंतर, आणि सर्वांची सुटका झाली ती ६९ दिवसांनी.

तरीही 'ज्ञानामुळे वाचली' एवढेच लिहून हे उत्तर पुरे करणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. यूलियानेची आई मारिया त्याच विमानात तिच्या शेजारी बसलेली होती. ते अरण्य, तिथले पक्षी आणि पाण्याच्या वाटा ती मुलीपेक्षा कितीतरी अधिक ओळखत होती. यूलियाने यांनी पुढे सांगितले आहे, की पडल्यानंतर आईही काही दिवस जिवंत होती. जखमांमुळे तिला जागचे हलता आले नाही.